फायटरचा निळा रंग

साकोली तालुक्यात रोवणी सुरू आहे. बांधीला लागूनच एक जुना गोठा आहे. बैल गेले, आता तिथं काचेच्या बरण्यांची रांग आहे. एका बरणीत एक नर मासा, मधे पुठ्ठा. पुठ्ठा उचलला की बघा: कल्ले फुलतात, पर ताणले जातात, अंगावरून निळी झळाळी धावते.

दुकानात याला फायटर म्हणतात. हा मूळचा थायलंडचा, तिथल्या धानाच्या बांध्यांमधला आणि दलदलीतला. अशा साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून हा वर येऊन हवेचा घोट घेतो. त्यासाठी कल्ल्यांच्या वर खास अवयव आहे, लॅबिरिंथ.

आता देशी बदामाच्या वाळक्या पानाखाली पाहा. नर तोंडानं चिकट बुडबुडे सोडून घरटं बांधतोय. तो मादीला विळखा घालतो, पांढरी अंडी खाली सुटतात. तो झटकन खाली जातो, एकेक टिपतो आणि बुडबुड्यांत नेऊन चिकटवतो. मग मादीला बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो तिला फाडून ठेवेल. दीड-दोन दिवसांत अंडी फुटून पिल्लं निघतात. जे घसरलं, ते तोंडात धरून तो परत वर ठेवतो. याला नुसता भांडखोर म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

आणि हा निळा? कातडीत निळं रंगद्रव्य नाहीच. पेशींतले ग्वानीन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक प्रकाश परतवतात, तो हा रंग. छटा कोणती, हे जनुकांची एक जोडी ठरवते. गुडरिच आणि मर्सर या संशोधकांनी 1934 मध्येच याच्या रंगांची आनुवंशिकता मांडली होती. रॉयल ब्लू म्हणजे गडद निळ्या नर-मादीची जोडी लावली तर साधारण निम्मी पिल्लं रॉयल ब्लू, पाव हिरवट टर्क्वॉइज, पाव करडी स्टील. रॉयल ब्लूत एक जनुक टर्क्वॉइजचं, एक स्टीलचं, आणि दोन्हींपैकी एकही दुसऱ्याला पूर्ण झाकत नाही. त्यामुळे रॉयल ब्लूची शुद्ध जात तयार होतच नाही, कोणी कितीही सांगो.

गोठ्यात खिळ्याला एक शाळेची वही टांगलेली आहे. डावीकडे नर-मादी, उजवीकडे पिल्लांचे रंग. दहावीच्या विज्ञानाच्या तासाला ही वही वर्गात फिरायला हवी.

झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि नको झालेला मासा बोडीत, म्हणजे शेततळ्यात, सोडायचा नाही.

वहीत पुढची जोडी लिहून झाली आहे: नर स्टील, मादी टर्क्वॉइज. उजवीकडे आधीच पेन्सिलीनं लिहिलंय, 'सगळी रॉयल ब्लू'.