चिकटवहीचं सामान आणि आपला पावसाळा

श्रोतेहो, नमस्कार.

चिकटवही, म्हणजे स्क्रॅपबुक, हे आता शाळकरी मुलांचंच काम राहिलेलं नाही. नातवाचं पहिलं वर्ष, लेकीचं लग्न, आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी, निमित्त काही का असेना, घरात कार्डशीट, पंच, लेस, मणी, शिक्के, रंगीत टेप यायला लागतात. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक फेरी झाली की पिशवी भरतेच. ती घरी आणून रिकामी कुठे करायची, हा खरा प्रश्न.

मोबाइलवर याचे परदेशी व्हिडिओ पुष्कळ आहेत. मोकळी भिंत, भोकाभोकांचा फळा, त्यावर टांगलेल्या कात्र्या, उघड्या बरण्यांत रंगीत रिबिनी. दिसतं फारच देखणं. पण तिथली हवा कोरडी आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि 65 च्या पुढे गेली की कागदावर बुरशी धरायला लागते. म्हणून माझा आग्रह असा, की सामान रंगाप्रमाणे लावण्याआधी ते कशानं बिघडतं, त्याप्रमाणे लावा. ओलीनं बिघडणारं एकीकडे, उजेडानं बिघडणारं दुसरीकडे, आणि कशानंच न बिघडणारं, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या, मणी, बटणं, हे उघड्यावर राहिलं तरी चालेल. यात नवीन काही नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला, त्यात बोरू आणि शाईबरोबर पोथीसाठी बासनं, मेणकापडं आणि पेट्यासुद्धा जपायला सांगितल्या आहेत.

आता कागद. स्क्रॅपबुकचा कागद बहुधा बारा बाय बारा इंचांचा, म्हणजे साडेतीस सेंटिमीटरचा असतो. आपल्या बाजारातल्या फायली ए-फोरच्या. त्यात तो बसणार नाही हे उघड आहे, पण गंमत म्हणजे ए-थ्री कागदाची अरुंद बाजूसुद्धा 29.7 सेंटिमीटरच भरते. तेवढ्या आठ मिलिमीटरसाठी कड दुमडते. तेव्हा खोका घ्यायला जाताना मोजपट्टी न्या आणि खोका आतून मोजा. पॅकेजिंगच्या दुकानात पिझ्झाचे कोरे खोके सुटे मिळतात, बारा इंचांहून थोडा मोठा बघून घ्या. मिठाईचा खोका मात्र कितीही सुबक असला तरी नको. तुपाचा वास आपल्याला येत नाही, झुरळांना येतो.

कागद आडवा ठेवावा की उभा, असं मला नेहमी विचारतात. खोका गच्च भरलेला असेल तर उभा चालतो. अर्धा रिकामा असेल तर कागद पोटात वाकतो आणि वाकलेल्या कार्डशीटवर कटर सरळ धावत नाही. आडवाच ठेवा.

या कागदाची दुसरी शत्रू कसर. चंदेरी, चपटी, दिवा लावला की सुळकन फटीत जाणारी. तिला खळ, गोंद, पिठूळ असं काहीही आवडतं. वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा पाला आपण पूर्वीपासून ठेवत आलोय. पाला मात्र खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर आपणच ओल आत नेतो. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या तर ठेवा, फोटोंच्या डब्यात अजिबात नकोत.

घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घातलं तर फार उपयोग होतो. पर्सच्या किंवा चपलांच्या खोक्यातून निघालेल्या पुड्या आपण जपून ठेवतो, पण त्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगी दाणे ओल प्यायले की हिरवट होतात, मग बदलायचे. निळे दाणेही मिळतात, ते गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून लहान मुलांच्या घरात निळे नकोत. आणि डब्याचं झाकण सैल असेल तर दाणे कितीही घाला, ते सगळ्या खोलीची ओल पीत बसतात.

शिक्के पारदर्शक असतील तर उजेडानं पिवळे पडतात, ते ड्रॉवरमध्ये जाऊ द्या. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपची रिळं मे महिन्यात कडेनं पाघळतात आणि त्या कडेला घरातली सगळी धूळ येऊन बसते. प्रत्येक रीळ वेगळ्या झिप पिशवीत घाला. फेविकॉलच्या बाटलीच्या आट्यांना व्हॅसलीनचं बोट फिरवलं तर झाकण पक्कडीशिवाय उघडतं. मण्यांना, टिकल्यांना जुना मिसळणाचा डबा उत्तम. कात्रीचं तर तुम्हाला सांगायलाच नको. शिवणाच्या कात्रीनं कागद कापण्यावरून ज्या घरात आवाज चढला नाही, असं घर मी पाहिलेलं नाही. कागदाच्या कात्रीच्या मुठीला लाल टेप गुंडाळा, वाद मिटेल.

सगळ्यात जपायचं ते चिकटवहीत जाणारं मूळ साहित्य. कागद, लेस पुन्हा मिळेल, आजोबांचा फोटो नाही मिळणार. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लग्नाचे अल्बम आठवतात? जाड पानांवर गोंदाच्या रेघा आणि वरून उचलायचा पारदर्शक पडदा. तो गोंद वर्षांनुवर्षांत पिवळा पडतो आणि फोटोवरही त्याच्या रेघा उमटतात. असे फोटो ओढून काढू नका. आधी आहे त्या जागीच मोबाइलवर त्यांचा फोटो घ्या. मग दात साफ करायचा बारीक दोरा, डेंटल फ्लॉस, मेण नसलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. अडला तर थांबा, दुसऱ्या कोपऱ्यानं या. जोर केला की फोटोचा वरचा थरच निघून येतो.

सुटलेले फोटो पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका. नव्या रेनकोटसारखा वास येणारं, मऊ, चिकटसर प्लास्टिक असतं ते. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा. नव्या वहीत मूळ फोटो डकवू नका, कोपऱ्यांत अडकवायचे कागदी त्रिकोण वापरा, म्हणजे पुन्हा काढता येतो. पान आम्लरहित कागदाचं घ्या. वर्तमानपत्राच्या कात्रणांत लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ती पिवळी पडतात आणि शेजारच्या फोटोवरही डाग पाडतात, म्हणून कात्रणाची झेरॉक्स लावा. हल्ली मशीनमधून सुळकन येणारी तिकिटंही तशीच. त्यांच्यावर शाई नसतेच, उष्णतेनं उमटलेली अक्षरं असतात, आणि काही वर्षांत तिकीट कोरं होतं. त्याचीही झेरॉक्स. पत्रिकेबरोबर आलेल्या अक्षता मात्र वहीत ठेवू नका. तांदळाला कीड लागते आणि कुंकवाचा रंग पसरतो.

राहता राहिली जागा. वेगळी खोली कुणाकडे आहे? माळा उन्हाळ्यात तापतो आणि वर बाथरूम असेल तर पाझरतो, दिवाणाच्या पोटात वारा नाही. फोटो आणि कागद यांना खोलीच्या आतल्या भिंतीचं कपाट द्या, पावसाचा मार लागणाऱ्या भिंतीचं नको, आणि खालचा कप्पाही नको. रोजच्या वापराचं सामान भाजीच्या चाकांच्या ट्रॉलीत बसतं. काम असेल तेव्हा जेवणाच्या टेबलाशी ओढायची, पाहुणे आले की बेडरूममध्ये ढकलायची. खास ऑर्गनायझर म्हणून विकतात त्या खणाखणांच्या पेट्या आधी घेऊ नका. आधी सामान जमिनीवर पसरून बघा, त्यातलं कितीतरी दुसऱ्यांदा घेतलेलं निघतं. तळहातापेक्षा लहान कपटा थेट रद्दीत घाला.

आणि हे वर्षातून एकदा करायचं तर खंडेनवमीला करा. त्या दिवशी हत्यारं पुजायची असतातच आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. कटरची पाती बदला, पंचांच्या दातांत अडकलेले कागदाचे कण टोकदार काडीनं काढा, डबे उघडे ठेवून पंख्याखाली वारा द्या. उन्हात रिकामे डबे ठेवा, कागद नको, रंग उडतात. दसऱ्याच्या सकाळपर्यंत सगळं पुन्हा आत. जास्तीच्या रिबिनी आणि कार्डशीट जवळच्या बालवाडीत नेऊन द्या, तिथे दिवाळीच्या कंदिलांची गडबड आठवड्याभरात सुरू होणारच असते.

नमस्कार.