बंदूक नंतर, आधी पट्टा

बसा बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, मी चावत नाही. आपल्या टेक्ससच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विषय टाकला होता "रोज अंगावर बाळगायला कुठलं पिस्तूल घ्यावं", तर कमिटीतल्या कोणीतरी खाली दोन हात जोडलेला इमोजी टाकला, आता तो नमस्कार होता की कोपरापासूनचा हे मला अजून कळलेलं नाही. चाळीस मिनिटं दिलीत, बघू.

ही निळी वस्तू फिरवतेय ती भरीव प्लास्टिकची डमी आहे, आत काही नाही, चापही हलत नाही. हातात घ्या, पुढे द्या. फक्त शेजारच्यावर रोखून "हँड्स अप" नको, डमी असली तरी नको. अहो, तुम्हालाच सांगतेय, मागे.

एक आधीच सांगून टाकते. एच-वन, एल-वन, स्टुडंट व्हिसा असल्या टेंपररी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक जवळ ठेवताच येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत ते वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांनी आणि सिटिझननी ऐका, बाकीच्यांनी मसालेभाताच्या आशेनं बसा. आणि हो, टेक्ससमध्ये सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला, तो कायद्यानं बंदूक बाळगायला पात्र असेल तर, हँडगन बाळगायला परवाना लागत नाही, तरी मी म्हणते एलटीसी, म्हणजे टेक्ससचा हँडगन परवाना, काढा, चाळीस डॉलर फी आहे, आणि निदान एकदा कोणीतरी तुम्हाला गोळी झाडताना बघतं तरी.

माझंच सांगते. मी फार्मसीत रात्रपाळी करायचे, पार्किंग लॉटमध्ये दोन वेळा नको ते अनुभव आले, मग आमचे हे म्हणाले चल एक घेऊन टाकू, जसं काही मिक्सरच घ्यायचाय. दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघेचना, सगळं ह्यांना सांगतोय, "फॉर द लेडी" म्हणून त्यानं काढलं काय, तर छोटंसं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, आणि मूठ गुलाबी. गुलाबी! मी साताऱ्याची, मला गुलाबी मूठ. पण वजन फक्त पंधरा औंस, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम, पर्समध्ये जातं, लॉक नाही, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे ओढायचा वरचा भाग, नाही, सोप्पं. मलाही पटलं हो. छोटं म्हणजे सोपं, हलकं म्हणजे बायकांचं, हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की आपणच मान डोलावतो.

मग परीक्षा. टेक्ससच्या परवान्याला पन्नास गोळ्या झाडायच्या असतात, वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, शेवटच्या दहा पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी 175 मार्क मिळाले की पास. पन्नास गोळ्या, एका वेळी पाच, म्हणजे दहा वेळा भरायचं. पहिली झाडली आणि काय सांगू, नारळ फोडताना कोयता निसटून मूठ दगडावर आपटते ना, तसं झालं. दहाव्या गोळीपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोललेली, विसाव्यापासून मी डोळे मिटून चाप ओढतेय, शेवटच्या दहा कुठे गेल्या देवाला माहीत. 178 मार्क! तीन मार्कांनी पास. दहावीत भूमितीला असेच पडले होते. दुसऱ्या दिवशी पोळ्या ह्यांनी लाटल्या, म्हणजे फ्रोझन आणल्या.

ह्यात चूक त्या रिव्हॉल्व्हरची नाही बरं का, मुरलेल्या हाताला ते छान चालतं. पण गोळीचा दणका तोच असतो, बंदूक जड असली की त्यातला बराच ती खाते, हलकी असली की सगळा तुमच्या मनगटाला. आणि त्याचा चाप साधारण बारा पौंडांनी ओढावा लागतो, स्वतः एक पौंडाचीही नसलेली वस्तू! ओढता ओढता नेम हलणारच. दुखतं म्हणून मग रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, जाणं होत नाही, आणि सराव नसलेली बंदूक अंगावर असणं हे नसण्यापेक्षा वाईट.

आता माझा मुद्दा. त्या दिवशी दुकानात मला कोणी एक प्रश्न विचारला नाही, "बाई, ठेवणार कुठे?" पर्समध्ये, मीच म्हटलं. पर्स ही काय जागा आहे? पर्स आपण मॉलमध्ये ट्रॉलीत ठेवतो, मंडळात खुर्चीवर टाकून आरतीला उठतो, चोर पहिली ओढतो ती पर्स. 2014 च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या पोरानं आईच्या पर्समधली बंदूक काढली आणि आई तिथेच गेली. दोन वर्षांचं पोर. मी ते वाचलं आणि पर्स रिकामी केली ती कायमची.

म्हणून आधी पट्टा घ्या. बंदुकीसाठीचा कडक पट्टा, जो वजनानं वाकत नाही. मग होल्स्टर, म्हणजे बंदुकीची म्यान, कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, त्या एकाच मॉडेलला बसणारं, चापाचा भाग पूर्ण झाकणारं. कापडी, सैल, "सगळ्यांना बसेल" असलं नको, आणि होल्स्टरशिवाय खिशात तर मुळीच नको, किल्ली, जॅकेटची दोरी, काहीही चापात अडकतं. पट्टा आणि होल्स्टर घालून घरी वाका, बुटाची लेस बांधा, गाडीत बसा, जेवायला मांडी घालून बसून बघा. बोचलं तर महिनाभरात बंदूक कपाटात जाणार हे लिहून घ्या. कुर्ता प्रिंटेड घाला, प्लेन कपड्यातून आकार दिसतो. साडीचं विचारू नका, साडीवर मी ती घरी तिजोरीत ठेवून येते. आणि बाथरूम... हसू नका, लोक बाथरूममध्ये विसरतात, टाकीवर ठेवून येतात! काढायचीच नाही, होल्स्टरसकट पँटमध्येच, गुडघ्यांच्या मध्ये. झालं, सगळ्या काका लोकांनी माना खाली घातल्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात? बरं, मग कुठलं पिस्तूल, पटपट.

9 एमएम, म्हणजे त्या मापाच्या गोळीचं, घ्या, गोळ्या स्वस्त, सराव होतो. ग्लॉक 19 उत्तम, पंधरा गोळ्या, पण बारीक माणसाला कंबरेला जाड. ग्लॉक 43एक्स पातळ, दहा गोळ्या. सिग पी365, 2018 ला आली, तीही दहा, आणखी छोटी. दुकानात तिन्ही हातात घ्या, शक्यतो रेंजवर भाड्यानं घेऊन झाडा. बघायचं काय, तर चापावर बोटाचं पहिलं पेर नीट येतं का आणि करंगळी मुठीवर राहते का, लोंबकळते का. स्लाइड ओढवत नसेल, संधिवात असेल, तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी बघा, 380 ह्या सौम्य गोळीतही मिळते, तिची स्लाइड मऊ आहे. आणि स्लाइड नुसत्या बोटांनी ओढू नका, छातीजवळ धरा, तोंड समोर सुरक्षित दिशेला, एका हातानं मूठ पुढे ढकला, दुसऱ्यानं स्लाइड मागे, चकलीचा सोऱ्या दाबता तसा अंगाचा जोर लावा.

वेगळं सेफ्टीचं बटण हवं की नको, ह्यावर घरं फुटतात. हवं असेल तर ते बटण काढायचा सराव रोज करा. पडल्यावर गोळी उडणार नाही अशी आहे का, बघा, सिगनंच 2017 मध्ये आपल्या पी320 पिस्तुलाला त्यासाठी अपग्रेड काढला होता. आणि पडलीच तर झेलायची नाही. घसरलेली विळी झेलतो का आपण? तशीच पडू द्या, झेलताना बोट नेमकं चापात जातं.

घरी मुलं, नातवंडं असतील तर कंबरेवरून काढली की थेट तिजोरीत, टेबलावर "दोन मिनिटं" सुद्धा नाही. दारू विकणाऱ्या ज्या जागेवर लाल 51 टक्क्यांची पाटी असेल, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे न्यायची नाही, आपल्या गटारीला लक्षात ठेवा. आणि रेंजवर नेलेली बॅग इंडियाला न्यायची नाही, कधीच! कोपऱ्यात एक गोळी राहिली आणि मुंबई एअरपोर्टवर मशीनमध्ये दिसली की आर्म्स ॲक्टची केस, लग्नाला निघालेला माणूस पोलीस स्टेशनात.

हो हो, थांबतेय, पापड मऊ पडतील. प्रश्न जेवताना विचारा. ती निळी डमी कोणाकडे आहे? अहो जोशीकाका, खिशात काय घातलीत, ती माझी आहे, द्या इकडे.