पोटातली आग, माणसाची आणि जनावराची

श्रोतेहो, नमस्कार. मी गुरांचा डॉक्टर. परभणी-हिंगोलीकडच्या गोठ्यांत म्हशीला सुई टोचून झाली की मालक हळूच विचारतो, "सायब, तिचं झालं, आता माझ्या पोटाचंबी सांगा. रातच्याला लई आग पडायली." माणसाला औषध द्यायचा मला अधिकार नाही. मी त्याला माणसांच्या डॉक्टरकडे धाडतो. पण पोटातल्या जंतूबद्दल चार गोष्टी सांगायला हरकत नाही, कारण हे प्रकरण सुरू झालं तेच जनावरापासून.

इटलीत जुलिओ बिझोझेरो यांना १८९३ साली कुत्र्याच्या जठरात पिळाच्या आकाराचे जंतू दिसले. तरीही पुढं कित्येक दशकं डॉक्टरमंडळी म्हणत राहिली, की माणसाच्या जठरातल्या तेजाबात जंतू जगूच शकत नाही आणि अल्सर होतो तो काळजीनं, तिखटानं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली माणसाच्या जठरातला तसाच पिळाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, म्हणून हा सावकाश वाढणारा जंतू हाती लागला. लोक तरी मानेनात. मग १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. हा वेडेपणा कुणी करू नये, पण २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो तेजाबात टिकतो कसा, हे शेतकऱ्याला लगेच कळेल. बंद गोठ्यात मुताचा जो उग्र वास डोळ्यांत चरचरतो, तो अमोनियाचा. मुतातल्या युरियापासून जंतू तो तयार करतात. आपण पिकाला टाकतो तोच हा युरिया, आणि आपल्या शरीरातही तो थोडा तयार होत असतो. पायलोरी जठरातला युरिया फोडून स्वतःभोवती अमोनिया करतो, तेवढ्यापुरतं तेजाब मारतो आणि शेपट्या हलवत जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात शिरतो. तिथं बसला की वर्षानुवर्षं मुक्काम.

जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असल्याचं मानलं जातं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. शंभरातल्या दहा-वीसांना पुढं अल्सर होतो, एक-दोघांना जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ सालीच याला कर्करोगकारक ठरवलंय. म्हणून ठेच्याला उगाच दोष देऊ नका. ठेच्यानं जळजळ वाढेल, पण अल्सरची मुख्य कारणं दोनच: हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. ऊसतोडीला गेलेली माणसं कंबर धरली की मेडिकलवरून गोळी आणतात आणि उपाशीपोटी गिळतात. मला जास्त धास्ती त्या गोळीची वाटते.

आता जनावरांकडे वळू. गाईच्या कोठीपोटात अब्जावधी जंतू असतात. तेच कडबा पचवतात, ते गेले तर गाय उपाशी मरेल. माणसाच्या जठरासारखं तेजाब असतं ते चौथ्या, खऱ्या पोटात, आणि तिथं गाईलाही अल्सर होतो, विशेषतः विल्यानंतर, खुराक एकदम वाढवला तर. शेण डांबरासारखं काळं पडलं तर समजा आत रक्त जातंय. माणसाची शी तशी झाली तरी अर्थ तोच. पण गाईच्या अल्सरला जंतूच कारण, असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. डुकरात मात्र याच कुळातल्या हेलिकोबॅक्टर सुईसचा जठराच्या सुजेशी संबंध दिसतो, आणि तो क्वचित माणसातही सापडतो. कुत्र्या-मांजरांच्या पोटात याच कुळातले दुसरे जंतू असतात. बहुतेक वेळा जनावर ठणठणीत असतं, म्हणून दारातला कुत्रा हाकलायची गरज नाही.

पायलोरीचं खरं घर माणूसच. तो बहुधा लहानपणी घरातूनच येतो: तोंडातून, उलटीतून, शौचानंतर न धुतलेल्या हातांतून. आजी घास चावून नातवाला भरवते, ती माया खरी, पण ते थांबवलेलं बरं. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढपाळांत याचं प्रमाण जास्त आढळलं आणि मेंढीच्या दुधातही त्याचे अंश मिळाले. आपल्याकडे शेळी-मेंढीचं धारोष्ण दूध पिणारे आहेत. त्यांनी दूध उकळून घ्यावं, इतर रोगांसाठीसुद्धा.

माझ्या ओळखीतली माणसं पित्ताची गोळी वर्षानुवर्षं खातात, जंतूची तपासणी मात्र कधीच नाही. शौचाची किंवा श्वासाची तपासणी दुर्बिणीशिवाय होते. रक्ताच्या तपासणीत जुना जंतू की आताचा, हे कळत नाही. जंतू सापडला तर दोन-तीन अँटिबायोटिक आणि पित्ताची गोळी, बहुधा १४ दिवस. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध सोडलं, तर उरलेला जंतू त्या औषधाला जुमानत नाही. वजन घटत असेल, घास अडत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत असेल, तर तपासणीची वाट न बघता थेट मोठा दवाखाना गाठा.

औषधं संपल्यावर जंतू गेला की नाही हे पाहायला निदान चार आठवडे थांबून पुन्हा तपासणी करा. तिच्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. ती चालू असली तर जंतू पोटात असूनही कागदावर दिसत नाही. नमस्कार.