शहाद्याचा रानपिंगळा आणि हिवाळ्यातील नोंदी

श्रोतेहो, नमस्कार.

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबरला डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस येतो, आणि या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. साधारण याच सुमारास उजनीच्या फुगवट्यावर, नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीला आणि गावोगावच्या लहानमोठ्या तलावांवर हिवाळी पाहुणे उतरू लागतात आणि पक्षिमित्रांचे फोन पहाटेपासून वाजू लागतात. कुणाला चक्रवाकांची पहिली जोडी दिसलेली असते, कुणी लोणावळ्याच्या पठारावर आफ्रिकेकडे निघालेला अमूर ससाणा पाहिलेला असतो, तर कुणी अंधूक छायाचित्र पाठवून ‘हा नक्की कोण?’ एवढेच विचारलेले असते. या उत्साहात मी गेली अनेक वर्षे सामील आहे. दुर्मिळ पक्षी दिसल्याची बातमी आणि त्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मला फार उशिरा कळले. आज त्याविषयीच बोलणार आहे.

त्यासाठी एका लहानशा घुबडाची गोष्ट सांगावी लागेल. रानपिंगळा हा पक्षी शास्त्राला १८७३ मध्ये माहीत झाला. पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने, म्हणजे कातडे भरून ठेवलेले पक्षी, गोळा केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. फक्त एक अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या प्रसिद्ध इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये दक्षिण गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते, आणि तसा नमुना त्याच्या संग्रहात होताही. साहजिकच पुढे ज्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, त्यांच्या डोळ्यांसमोर हे सर्वांत अलीकडचे ठिकाण होते. तिथे शोध घेतला गेला आणि काही हाती लागले नाही.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी हा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो मुळात माइनर्ट्झहागेनने मिळवलेलाच नव्हता असे निष्पन्न झाले. कातडे ज्या पद्धतीने तयार केले होते ती पद्धत डेव्हिडसनची होती. संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावून, नवे गाव आणि नवी तारीख घालण्यात आली होती. म्हणजे पक्षी खरा आणि चिठ्ठी खोटी! हे उघड झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीचा नाद सोडला आणि जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धुंडाळायला घेतली. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडीत, एका निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! आणि हा पक्षी काही रात्रीच्या अंधारात दडून राहणारा नाही, तो दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली आणि २०१४ मध्ये तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या जंगलातही सापडला.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा ऐकणारे त्या चोरावर चिडतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात डेव्हिडसनचे कौतुक अधिक वाटते. त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका चिठ्ठीवर पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे नीट लिहून ठेवले नसते, तर शहाद्याला जाण्याचे कुणाला सुचलेही नसते.

आता आपल्या फोनवरच्या संदेशाकडे वळू या. ‘भिगवणला आज जबरदस्त पक्षी’ हा संदेश बातमी आहे. उजनीचा जलाशय मैलोन्‌मैल पसरलेला आहे. भिगवण म्हणजे नेमके कुठे, कुंभारगावच्या बाजूला की डिकसळच्या पुलाजवळ? पक्षी एकटा होता की थव्यात? प्रकाश समोरून होता की पाठीमागून, आणि दुर्बिणीतून तो किती वेळ दिसला? एवढे लिहिले की ती नोंद होते. ‘पंखांच्या खालची बाजू दिसली नाही’ हे वाक्यही त्यात असावे, कारण जे दिसले नाही ते प्रामाणिकपणे लिहिल्याने जे दिसले त्यावरचा विश्वास वाढतो.

ओळख पटवण्यात चूक होणे यात लाजण्यासारखे काही नाही. माळरानावर हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, ज्यांना आपण सगळेच आता हॅरिअर म्हणतो. त्यांतील पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींच्या माद्यांनी भल्याभल्यांना चकवले आहे. डोळ्यामागच्या गडद डागाला लागून फिकट गळपट्टी आणि तिच्यामागे पुन्हा गडद मान दिसली तर पॅलिडकडे कल जातो, पण पक्षी गवतावरून तरंगत पाठमोरा निघून गेला, तर ‘हॅरिअर, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात खरी हुशारी आहे. पट्टकादंब या हिवाळी हंसाचेही (बार-हेडेड गूज) तसेच आहे. डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली खूण, परंतु त्या वर्षीच्या पिल्लांच्या डोक्यावर ते पट्टे नसतात, आणि असे एखादे पिल्लू थव्यापासून जरा बाजूला चरताना दिसले की नवाच हंस सापडल्याचा संदेश फिरू लागतो. मीही एकदा तो फिरवलेला आहे.

पाळीव पक्ष्यांची शंका मनात ठेवावी लागते, ती वेगळीच. मँडरिन बदक हे चित्रात रंगवल्यासारखे देखणे बदक फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामच्या मागुरी बिलात दिसले. त्या भागातली त्याची आधीची नोंद १९०२ ची होती. हेच बदक जगभर हौसेने पाळले जाते. म्हणून ते एखाद्या शहराजवळच्या तळ्यात दिसले, तर पायात कडे आहे का, माणसाला किती जवळ येऊ देते आणि पंखांची पिसे झिजलेली आहेत का, हे आधी पाहिले पाहिजे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या संकेतस्थळावर आज आपल्याकडचे असंख्य लोक याद्या भरतात. तिथे असाधारण नोंद केली की तपासणाऱ्यांकडून तपशील मागणारे पत्र येते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणत रुसणारे ज्येष्ठ पक्षिमित्र मी पाहिले आहेत. मला या रुसव्याचे नवल वाटते. १९१४ च्या त्या नमुन्याबद्दल असे चार प्रश्न वेळीच कुणी विचारले असते, तर?

नोंद करावी, पण ती सगळ्यांना लगेच सांगावी का? इथे माझे मत काहींना पटणार नाही. काही वर्षांपूर्वी एका माळावर मला आखूड कानांचे घुबड दिसले. हे घुबड हिवाळ्यात येते आणि दिवसा गवतात, जमिनीवरच विसावते. मी आनंदाच्या भरात जागेची अचूक खूण एका मोठ्या गटावर टाकली. पुढच्या रविवारी तिथे गाड्या गवतात शिरलेल्या होत्या, घुबड बसले की कुणीतरी दोन पावले पुढे जाई, ते उडे, आणि पुन्हा तेच. त्यानंतरच्या आठवड्यात ते मला तिथे दिसले नाही. ते गर्दीमुळे गेले की त्याचे जायचे दिवसच आले होते, हे मी सांगू शकणार नाही, परंतु जागा मीच सांगितली होती, एवढे खरे. तेव्हापासून मी यादी त्याच दिवशी भरतो आणि नेमकी जागा पक्षी गेल्यावर सांगतो. अतिशय धोक्यात असलेल्या काही जातींचे ठिकाण ई-बर्डही लोकांसमोर उघड करत नाही, तेव्हा हा काही माझा एकट्याचा विक्षिप्तपणा नव्हे. पाण्यावरच्या पक्ष्यांबाबत तर नावाड्याला ‘थवा उठवा, उडतानाचा फोटो हवा’ असे सांगणाऱ्यांना आपणच अडवले पाहिजे, कारण पट्टकादंबांना हिमालय ओलांडून मंगोलियापर्यंतसुद्धा परत जायचे असते, आणि त्या प्रवासासाठी लागणारी चरबी ते इथल्या शेतांत आणि काठांवर चरून साठवत असतात. मंगोलियात घातलेले क्रमांकाचे गळपट्टे ल्यालेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत. तुम्हाला असा पक्षी दिसला तर गळपट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरे तेवढी टिपून घ्या, पण ती वाचण्यासाठी त्याच्या अंगावर होडी घालू नका.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. त्या दिवशी दुर्मिळ पक्ष्यामागे धावणारे उत्साही लोक वारकरी (कूट) पक्षी मोजायला कंटाळतात, आणि ‘खूप’ असे लिहून मोकळे होतात. ‘खूप’ या आकड्याची पुढच्या वर्षीच्या ‘खूप’शी तुलना कशी करणार? शंभराचा एक गठ्ठा डोळ्याने मोजावा, तसे गठ्ठे थव्यावर किती बसतात ते पाहावे आणि तो अंदाज लिहावा.

जाता जाता एक विनंती. हिवाळी पाहुणा आल्याची तारीख सगळे कळवतात, गेल्याची कुणीच कळवत नाही, कारण रिकाम्या तळ्याचा फोटो कुणाला पाठवणार? येत्या मार्चमध्ये तुमच्या गावच्या तलावावर दर दोन-तीन दिवसांनी एक फेरी मारा. चक्रवाक शेवटचे कोणत्या सकाळी होते आणि कोणत्या सकाळी नव्हते, या दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.