न फिटणारी देणी

श्रोतेहो, नमस्कार.

रोजच्या जगण्यातली श्रद्धा आणि कृतज्ञता या विषयावर मला आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी आपल्याला आधी एका दुकानात घेऊन जाणार आहे. माझ्या वडिलांचे नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे लहानसे दुकान होते. ते गोदावरीच्या इतके जवळ होते, की पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची बातमी आली, की खालच्या फळीवरची घंगाळी आणि पातेली वरच्या फळीवर जात. पाणी कमरेला लागले, की ती माळ्यावर चढत. पुराची ही मोजणी नाशिककरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वडील नवी वही उघडत. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर ‘श्री’, कुंकवाचे स्वस्तिक, त्यावर विड्याचे पान आणि सुपारी. इथपर्यंत बाजारातल्या प्रत्येक दुकानात तेच चालत असे. त्यानंतर मात्र वडील जुनी वही शेवटच्या पानावर उघडत आणि त्या पानावरचा मजकूर नव्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने, सावकाश, जसाच्या तसा उतरवून घेत. आम्ही भावंडे फराळाकडे डोळे लावून बसलेलो असू. कोणाची तरी जुनी बाकी पुढे ओढत असतील, असे मला वाटे आणि मी कधी विचारले नाही.

वडील गेल्यानंतर मी ते पान वाचले. वर मथळा होता, ‘न फिटणारी देणी’. खाली अकरा नोंदी होत्या. तारीख, माणूस, काय केले, सारे काही लिहिलेले होते. फक्त रकमेच्या रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे एक आडवी रेघ होती. त्यातली एक नोंद मी आपल्याला वाचून दाखवते. ‘१९६९ चा पूर. दुकानात छतापर्यंत पाणी. गाळ निघाल्यावर कल्हईवाल्या चाचांनी बावन्न भांड्यांना कल्हई करून दिली. पैसे घेतले नाहीत. नवसागर त्यांचाच.’

या नोंदीतले शेवटचे दोन शब्द मी कितीतरी वेळा वाचले आहेत. ज्यांच्या घरी कल्हईवाला कधी आला नसेल, त्यांच्यासाठी सांगते. कल्हई करताना भांडे भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकतात आणि मग कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवतात. नवसागराने तांब्यावरचा मळ सुटतो, म्हणून तर कथील धरते. कथील दुकानातले असले, तरी नवसागर चाचांनी स्वतःचा वापरला, हे वडिलांच्या लक्षात राहिले होते. नुसते लक्षात राहिले नव्हते, तर त्यांनी ते लिहिले होते आणि मग तीसहून अधिक दिवाळ्यांना ते पुन्हा पुन्हा लिहिले होते.

मला आज जे सांगायचे आहे, ते या पानावरूनच सुचलेले आहे. आपण कृतज्ञता फार मोघम करून टाकली आहे. समारंभात ‘सर्वांचे आभार’ मानतो, देवापुढे हात जोडून ‘सगळे तुझ्याच कृपेने’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्यात खोटेपणा नसतो, पण कोणाचे काय घेतले हेही त्यात नसते. उपकार नेहमी नेमका होतो. अमुक माणसाने, अमुक वेळी, स्वतःचे अमुक खर्चून तो केलेला असतो. मग त्याची आठवणही तितकीच नेमकी असावी, असे मला मनापासून वाटते.

ही दृष्टी आपल्या या परिसरात फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेवही दिली. ही ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, ठेवली होती. हे गोवर्धन आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. त्यातले दोन हजार एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक या व्याजाने. आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही लेखात स्पष्ट आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर तिथेच राहणाऱ्या, वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, बारा कार्षापण मिळावेत, असे लिहिले आहे. आपण मनातल्या मनात हिशेब करून पाहा. महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. एक नाणेही कमी नाही किंवा जास्त नाही. त्या लेण्यासमोर उभे राहून आम्ही, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींनी आणि मी, हा गुणाकार एकदा मोठ्याने केला होता. याला शास्त्रात दान म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यात डोंगरावर राहणाऱ्या माणसाला वस्त्र लागेल, ते किती जणांना लागेल आणि त्याचा खर्च कशातून निघेल, इतका विचार ज्याने केला, त्याच्या मनात त्या भिक्षूंविषयी नुसता मोघम आदर नव्हता, हे उघड आहे.

शेतकऱ्याच्या घरी हाच नेमकेपणा पोळ्याच्या आदल्या दिवशी दिसतो. निफाड तालुक्यात माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. फवारणीला आणि नांगरटीला ट्रॅक्टर आला, तरी त्यांनी एक बैलजोडी ठेवली आहे. त्या संध्याकाळी खांदेमळणी होते. बैलांना गरम पाण्याने धुतात आणि मग भाऊ हळद आणि लोणी घेऊन त्यांचे खांदे चोळतात. पाठ नाही, शिंगे नाहीत, आधी खांदे. कारण वर्षभर जू तिथे बसलेले असते आणि तिथली कातडी घट्टे पडून कठीण झालेली असते. मी जवळून पाहिले आहे, भाऊ अंगठा त्या घट्ट्यावर हलकेच फिरवत राहतात आणि बैल मान खाली घालून डोळे अर्धवट मिटून घेतो. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” एरवी बैलाला अरे-तुरे करणारी घरची पोरे त्या दिवशी त्याला अहो-जाहो करतात.

रामकुंडाजवळच्या कपालेश्वराच्या मंदिरात शंकरासमोर नंदी नाही, हे आपण जाणताच. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याची वाट नंदीने दाखवली, म्हणून महादेवांनी त्याला गुरू मानले आणि समोर बसू दिले नाही, अशी कथा आहे. ती खरी की नाही, हे मी विचारत नाही. देवानेही कोणाचे ऋण घेतले आणि ते बसण्याच्या जागेपर्यंत लक्षात ठेवले, अशी कथा या गावाला रचावीशी वाटली, एवढेच मला महत्त्वाचे वाटते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. कपालेश्वरापासून थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते आणि तो पुढे कित्येक वर्षे चालला. दार उघडले गेले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. कृतज्ञतेवर बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या बंद दाराची आठवण ठेवावी, असे मी मानते. ज्याला दाराबाहेर उभे केले, त्याला ‘आहे त्यात समाधान मान’ असे सांगणे ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. ऋणाचा हिशेब खरा ठेवायचा असेल, तर आपण घेतलेल्याबरोबर आपण नाकारलेलेही त्यात लिहावे लागते. माझ्या वडिलांच्या पानावरची एक नोंद तशी आहे. ती मी आज वाचणार नाही, कारण ती ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्या घरी जाऊन मला ती आधी सांगायची आहे.

आता श्रद्धेविषयी. फार वर्षे मला वाटत असे, की आधी श्रद्धा असते आणि तिच्यातून कृतज्ञता येते. भाऊंच्या बागेत मला ते उलटे दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, ती आपल्यापैकी अनेकांनी सोसली आहे. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले. वेलींखाली पानांचा चुरा पडला होता, चिरडलेल्या पानांचा हिरवा, तुरट वास सगळीकडे भरला होता आणि तारांवर मोडलेले कोवळे घड लोंबत होते. छाटणीपासून त्या दिवसापर्यंतचा खर्च मातीत गेला होता, आणि कर्जाचा हप्ता काही गारा पाहून थांबत नाही. भाऊ मात्र माणसे लावून फवारणीची तयारी करत होते. पीक तर गेले, मग फवारणी कशासाठी, असे मी विचारले. ते म्हणाले, “काड्यांना जखमा झाल्यात. त्यातून बुरशी शिरली, तर वेलच जाईल. या वेलींनी मला अकरा हंगाम दिलेत, बाई. एक गेला.”

त्यांनी ‘देव बघून घेईल’ असे म्हटले नाही. त्यांनी अकरा मोजले. ज्याला मिळालेले हंगाम मोजून सांगता येतात, त्याच्याजवळ बाराव्याच्या नुकसानीतही उभे राहायला जागा असते. ही जागा म्हणजेच श्रद्धा, असे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. ती हवेतून येत नाही. आधी जे खरोखर मिळाले, त्याच्या भक्कम नोंदीवर ती उभी राहते.

एप्रिलात भाऊंनी खरड छाटणी केली. द्राक्षाच्या वेलीचे हे गूढ मला अजूनही नवे वाटते. त्या छाटणीत वेल जवळजवळ उघडी करतात, आणि मग उन्हाळ्यात जी नवी काडी येते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे मिटलेल्या कोंबांत, पुढच्या हंगामाचा घड आत, आतल्या आत तयार होऊ लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी शेतकरी काड्या तपासायला देतात, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून त्यात घड आहे की नाही, हे पाहता येते. पण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पाणी देणे, शेंडे खुडणे, रोगराई सांभाळणे हे सारे न दिसणाऱ्या घडासाठीच करायचे असते. ते जमते, कारण मागचे अकरा घड डोळ्यांसमोर असतात.

श्रोतेहो, वडिलांचे ते पान आता मी पुढे ओढते. त्यांच्या अकरा नोंदींखाली माझ्याही काही भरल्या गेल्या आहेत. गेल्या दिवाळीपूर्वी मला वाटले, की या नोंदी ज्यांच्याविषयी आहेत, त्यांच्यापर्यंत त्या कधी पोहोचल्याच नाहीत. म्हणून मी चौकशी करत जुन्या नाशकात कल्हईवाल्या चाचांच्या घरी गेले. चाचा जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांचा नातू मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. मी त्याला ती नोंद वाचून दाखवली. त्याने पान हातात घेतले, पुन्हा एकदा स्वतः वाचले, फोनवर त्याचा फोटो काढला आणि मला आत आजीकडे नेले. आजींचे वय ऐंशीच्या पुढचे आहे. त्यांना आता वाचता येत नाही, म्हणून त्यानेच त्यांना ते मोठ्याने ऐकवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग माझा हात धरून त्यांनी सांगितले, की पुरात त्यांच्याही घरात पाणी शिरले होते, सगळे सामान वाहून गेले होते, आणि तो नवसागर चाचांनी उधारीवर आणला होता.

त्या लक्ष्मीपूजनाला मी नवी वही उघडली, शेवटच्या पानावर मथळा लिहिला आणि एकेक नोंद उतरवत गेले. चाचांच्या नोंदीत वडिलांनी लिहिलेले सारे तसेच ठेवले. फक्त शेवटी तीन शब्दांची भर घातली. ‘नवसागर त्यांचाच. तोही उधारीवर आणलेला.’ रकमेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि पुढची नोंद लिहायला घेतली.

नमस्कार.