खाऱ्या टाकीतली भाऊबंदकी

मंडळी, शेताच्या बांधावरून परकी माणसं सहसा भांडत नाहीत. भांडतात ती एकाच आडनावाची. दोघांना तीच जमीन हवी असते, तीच विहीर, तीच गाडीवाट. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मासे निवडताना एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं. ज्या दोन माशांची घडण, राहायची जागा आणि खाणं सारखं, त्यांचं जमणं कठीण. वेगळ्या घडणीचे, वेगळ्या मजल्यावर राहणारे मासे बहुतेक वेळा एकमेकांकडे बघतही नाहीत.

तुमच्यातले बरेच जण गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, टेट्रा पाळणारे आहेत. ‘सहा घ्या, दहा घ्या, थव्यानं छान राहतात’ ही सवय इथं सोडावी लागते. प्रवाळाच्या आसऱ्याचा लहान मासा एक-दोन दगडांभोवती आयुष्य काढतो आणि ती जागा राखतो. डॅमसेल नावाच्या लहान माशाच्या काही जाती तर अक्षरशः शेती करतात. दगडाच्या एका तुकड्यावर हवं ते शेवाळ वाढू देतात, नको ते उपटून टाकतात आणि चरायला आलेल्या मोठ्या माशालाही हुसकावून लावतात. समुद्रात हरलेला मासा दुसऱ्या दगडाकडे निघून जातो. तीन फुटांच्या टाकीत तो काचेवर आपटतो आणि वळून पुन्हा त्याच मालकासमोर उभा राहतो.

पुढचा सगळा हिशोब ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीचा आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात १९० लिटर मावतात. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटरच्या आसपास पाणी राहतं. पहिल्या खेपेला याहून लहान घेऊ नका, कमी पाण्यात चूक लवकर भोवते. या टाकीत लहान मासे पाच, फार तर सहा. दुकानात कोणी बारा म्हणालं तर ऐकून घ्या आणि पाचच आणा.

आधी काय आणायचं नाही ते बोलू, कारण पैसे तिथं बुडतात. ज्याच्या तोंडात शेजारी मावतो, त्याचा तो शेजारी नव्हेच, घास. लायनफिश दुकानात बोटाएवढा आणि शांत दिसतो. तो एक फुटापर्यंत वाढतो आणि रात्रीतून एकेक मासा कमी होत जातो. शिवाय काट्यात विष. लहान मुलं ज्याच्यावर हट्ट धरतात तो निळा ब्लू टँग पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरच्या घरात जातो. त्याला पोहायला सहा फुटांची टाकी लागते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन धरतो. मँडरिन माशाइतका देखणा मासा नसेल, पण तो दगडावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत दिवसभर फिरतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. तो भांडत नाही, आजारी दिसत नाही, पोट आत जात जात उपाशी मरतो. आणि मोनो, स्कॅट हे मासे दुकानात ‘खाऱ्याचे’ म्हणून मिळतात खरे, पण पिल्लं निमखाऱ्या पाण्यातली असतात आणि मोठेपणी तीन फूट त्यांना पुरत नाहीत.

डॅमसेलवर जरा थांबतो. निळा डॅमसेल, तीन पट्ट्यांचा, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डोमिनो, हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चिवट. म्हणून सल्ला मिळतो, ‘आधी चार डॅमसेल सोडा, टाकीची सायकल होऊन जाईल.’ सायकल म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजणं. ती होते. पण चार आठवड्यांनी सगळे दगड त्या चौघांनी वाटून घेतलेले असतात, किंवा तिघांना मारून एकानं सगळी टाकी आपल्या नावावर केलेली असते. त्यानंतर आलेला प्रत्येक मासा घुसखोर. बाहेर काढायचं म्हटलं तर एकेक दगड उपसल्याशिवाय डॅमसेल जाळ्यात येत नाही. सायकलसाठी मासाच लागत नाही. टाकीत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्यायचा, जिवाणूंना चार ते सहा आठवडे द्यायचे, आणि घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊन नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार.

क्रोमिस हा त्यातला सौम्य, हिरवट आणि थव्यात सुंदर. तरीही पाच आणले तर काही महिन्यांत बऱ्याचदा एक-दोनच उरतात. सगळ्यांत दुबळ्याला बाकीचे टोचत राहतात, तो गेला की पाळी पुढच्याची.

आता घ्यायचे कोण? टाकीचे मजले करा. वाळूवर यलो वॉचमन गोबी, एक. तोंड भलं मोठं, चेहरा कायम रागावलेला, पण हा आपल्या बिळापुरतं बघतो. त्याच्याबरोबर पिस्तूल झिंगा ठेवला तर झिंगा बीळ खोदतो आणि गोबी दारावर पहारा देतो. झिंग्याला नीट दिसत नाही. तो एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवतो आणि गोबीनं शेपूट थरथरवली की आत पळतो. ही जोडी हवी असेल तर दगड वाळूवर रचू नका. आधी दगड थेट तळकाचेवर टेकवा, मग भोवती वाळू टाका. नाहीतर खालची वाळू उपसली जाऊन ढीग कोसळतो, तळकाचही फुटू शकते.

मधल्या पाण्यात फायरफिश, तोही एकच. जुळलेली जोडी नसेल तर दोन फायरफिश एकमेकांना सोडत नाहीत. हा घाबरट आहे आणि घाबरला की वर उडी मारतो. वरती ६ मिलिमीटर छिद्राची जाळी घट्ट बसवा. काचेचं झाकण टाकू नका, त्याचं कारण उन्हाळ्याच्या बोलण्यात येईल.

दगडाच्या कपारीत रॉयल ग्रामा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. हा कॅरिबियन समुद्रातला, त्यामुळे आपल्याकडे महाग पडतो. म्हणून त्याच रंगाचा दिसणारा स्वस्त डॉटीबॅक कोणी गळ्यात मारतं. रंग तोच, स्वभाव अगदी उलटा. फायरफिशला तो कोपऱ्यातून बाहेर येऊ देणार नाही. ओळखायचं असं: ग्रामाच्या पाठीवरच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो आणि जांभळा-पिवळा एकमेकांत मिसळत जातो, डॉटीबॅकला तो ठिपका नसतो आणि दोन रंगांची सीमा सुरीनं कापल्यासारखी सरळ असते. ग्रामा परवडत नसेल तर बंगाई कार्डिनल घ्या, संथ आणि सोसणारा. इंडोनेशियातल्या बंगाई बेटांजवळच तो मूळचा सापडतो आणि तिथं त्याची संख्या घटली आहे, म्हणून हॅचरीतलाच, म्हणजे पैदास केंद्रातलाच मागा. दोन नर मात्र नकोत.

आणि क्लाउनफिश. ऑसेलारिस जातीचे दोन. ‘नर-मादी ओळखून द्या’ असं दुकानात सांगू नका, लहान वयात मादी नसतेच. क्लाउनफिश नर म्हणूनच मोठे होतात, आणि गटातला सगळ्यांत मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान, पण आकारानं थोडे वेगळे मासे एकाच वेळी आणा. मोठा मादी होईल, छोटा तिच्यापुढे अंग थरथरवून नमतं घेईल. ते थरथरणं आजार नव्हे. दोन सारखे मोठे आणले, किंवा जुन्या मादीशेजारी वर्षभरानं नवा मोठा मासा सोडला, की पर फाटलेच. टोमॅटो किंवा मरून क्लाउन यांच्यात मिसळू नका. मरूनची मादी १५ सेंटिमीटरची होते. आणि क्लाउनसाठी अॅनिमोन (समुद्रफूल) लागतोच हा गैरसमज आहे. अॅनिमोनला जुनी, मुरलेली टाकी आणि जोरकस प्रकाश लागतो. क्लाउनला तो नसला तरी चालतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे, त्यामुळे हॅचरीतला मासा मागता येतो. तो गोळीखाद्य पहिल्या दिवसापासून खातो.

सोडण्याचा क्रम हा निवडीइतकाच महत्त्वाचा, आणि चुकतो तो इथंच. आधी दुबळा, शेवटी दांडगा. पहिल्यांदा फायरफिश आणि गोबी. दोन-तीन आठवड्यांनी कार्डिनल घेणार असाल तर तो. मग क्लाउन. ग्रामा असेल तर सगळ्यांत शेवटी. उलट क्रमानं हेच पाच मासे सोडले तर फायरफिश हीटरच्या मागे लपून बसेल, खायला येणार नाही, आणि दहाव्या दिवशी जाळीखाली मेलेला सापडेल. नवा मासा सोडताना जुन्यांना आधी खायला घाला, एक-दोन दगड हलवून बांध मोडा, दिवे बंद करा. शंका असेल तर छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यात नव्याला तीन-चार दिवस आतच लटकवा. जुने काचेला धडका देऊन थकतात आणि मग नाद सोडतात.

त्याआधी मात्र वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे. ४० लिटर, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. हे टाळलं आणि मिठाच्या कणांसारखे ठिपके मोठ्या टाकीत आले, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. तांब्याचं औषध थेट मोठ्या टाकीत ओतू नका, झिंगे आणि गोगलगायी त्यानं मरतात.

मासा मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आपल्या जळगाव, भुसावळला येतो; म्हणजे सात-आठ तास पिशवीत. आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवायला सांगा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, बाहेरून थर्माकोलची पेटी. घरी आल्यावर चुकीची ‘काळजी’ घेतली जाते: पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसतात. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून २० मिनिटं तरंगवा, मग उघडून रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रानं, पिशवीतलं पाणी मोजा. काही दुकानं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचा आकडा) १.०२० ठेवतात आणि आपली टाकी १.०२५ ला असते. वेगळ्या टाकीचं पाणी आधीच दुकानाच्या आकड्याला आणून ठेवा, मासा लगेच त्यात सोडा आणि रोज ०.००१ ते ०.००२ एवढंच वर चढवा.

पाण्याबद्दल थोडक्यात. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते म्हणून तिकडून कॅन भरून आणायचा विचार करू नका. खाडीचं पाणी गढूळ आणि नदीनं पातळ झालेलं असतं. बोअरचं पाणी जड. घरच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस वाढवायचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आधीची नळी काढा आणि पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा; मीटरवर शून्य हवं. जारचं पाणी आरओचंच असेल असं धरून चालू नका, मोजा. १६० लिटरला समुद्री मीठ सहा किलोच्या जवळपास लागतं. स्वयंपाकघरातलं आयोडीनचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट त्यात नाही.

आता उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे जातो आणि आपल्याला पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. ३० च्या वर गेलं की माशांचा श्वास वाढतो, आणि ज्याला इतरांनी दाबलेलं असतं तो आधी जातो. एप्रिलपर्यंत गुण्यागोविंदानं नांदलेली टाकी मे महिन्यात बिघडते ती अशी. आपली हवा कोरडी आहे, तिचा फायदा घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके वारा मारणारे दोन १२ व्होल्टचे पंखे तापमान तीन-चार अंशांनी खाली आणतात. म्हणूनच वर जाळी, काच नको. मात्र त्याच बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्यांचा गुण निम्मा होतो. खिडकी उघडी ठेवा. ज्या घरात दुपारी खोली ३५ च्या खाली येतच नाही, तिथं पंख्यांवर भागणार नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या किंवा हा नाद करू नका.

पंख्यानं दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही. चार दिवस लक्ष दिलं नाही तर १६ लिटर कमी होऊन ३५ ची क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) जवळपास ३९ होते. भरायचं ते साधं आरओचं पाणी, खारं नव्हे. काचेवर रेघ मारून रोज सकाळी रेघेपर्यंत. वीज जाते तेव्हाची सोय म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच, आणि फ्रीजमधलं गोठवलेलं मायसिस (बारीक झिंग्यासारख्या जीवांचं खाद्य) एकदा वितळलं असेल तर टाकून द्या.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सागरी घोडा ठेवता येईल का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण त्याला २००१ पासून आहे. पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा. दगडी प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे, म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणू नका. टाकीसाठी कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचा बनवलेला दगड मिळतो, तो वापरा.

दुसरी चिठ्ठी: पहिला मासा म्हणून काही स्वस्त? आहे, तुमच्या घरातली मॉली. चार-पाच दिवसांत हळूहळू खारेपणा वाढवत नेला तर ती पूर्ण समुद्री पाण्यात जगते, शेवाळ खाते, आणि गोड्या पाण्यातून आल्यामुळे समुद्री ठिपक्यांचा रोग बरोबर आणत नाही.

तिसऱ्या चिठ्ठीत ‘कधी सुरू करू?’ एवढंच आहे. दिवाळी झाली की पाणी भरा. डिसेंबरअखेर सायकल पूर्ण होते, तोवर फायरफिश आणि गोबी वेगळ्या टाकीत आणून ठेवा. हिवाळी रात्री इथं पारा १० वर उतरतो, तेव्हा २०० वॉटचा हीटर लागेल. जानेवारीत ते दोघं आत, फेब्रुवारीत क्लाउन, मार्चच्या मध्याला शेवटचा मासा. एप्रिल ते जून दुकानात काहीही दिसलं तरी रिकाम्या हातानं परत या.