डाव संपला, आता इंजिन लावू नका!

राम राम भो! पट मांडलाय, लॅपटॉप मुद्दाम बंद ठेवलाय. आजचा प्रश्न एवढाच, की बुद्धिबळाच्या स्पर्धेतला डाव खेळून झाला, त्याचं पुढे करायचं काय?

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होतं, बघा. जळगावात शनिवार-रविवारची स्पर्धा असते. पोरगं धुळ्याहून आलेलं. डाव संपला, सही झाली, वरची स्कोअरशीट (चाली लिहायचा कागद) पंचांकडे गेली, खालची कार्बन कॉपी घडी करून खिशात. मग परतीच्या एसटीत फोन निघतो, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, सुरू होतं आणि एरंडोल यायच्या आत निकाल लागतो: "अठराव्या चालीला चुकलो!" झालं विश्लेषण. अरे भाऊ, चूक कुठे झाली ते कळलं. का झाली, ते कोण सांगणार?

[पट दाखवा]

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा. जगज्जेत्या, चीनच्या डिंग लिरेनकडे पांढरी, आव्हान देणाऱ्या आपल्या गुकेशकडे काळी. गुकेशचं एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट होता, डाव बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ च्या घरात आणला (अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). घरी बसून बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर इंजिनची, कोण पुढे ते दाखवणारी पट्टी धाडकन काळ्याकडे झुकली. पटावर बसलेल्या गुकेशला मात्र ते लगेच दिसलं नव्हतं. त्यानंच नंतर सांगितलं, की तो दुसरीच चाल खेळायच्या बेतात होता. मग दिसलं. हत्तीला हत्ती मारायचा आणि उंट डी५ वर आणून भिडवायचा. पांढऱ्याचा उंट बसलेला ए८ च्या कोपऱ्यात. तिथून निघायला एकच कर्ण, आणि त्याच कर्णावर काळा उंट उभा. अदलाबदल टळत नाही. उंट गेले की राजे उरले आणि काळ्याची दोन प्यादी पांढऱ्याच्या एकाविरुद्ध. अठ्ठावन्नाव्या चालीला डाव संपला आणि १८ वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला.

पट्टी हलली, कारण इंजिन सगळंच मोजतं. माणसाला आधी प्रश्न पडावा लागतो: हे सगळं मारून झाल्यावर पटावर काय उरेल? तुमच्या डावात तुम्हाला तो प्रश्न पडला होता का? हे फक्त तुम्हालाच माहीत असतं, आणि तेसुद्धा फार तर त्या रात्रीपर्यंत. दोन दिवसांनी आठवणारच नाही. म्हणून इंजिनच्या आधी पेन उचलायचं.

यातलं अर्धं काम डाव चालू असतानाच होतं. स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायला नियमानं परवानगी आहे. बरोबरीचा प्रस्ताव आला तर त्याची खूणही करायची असते. "नीट बघ रे" असं स्वतःला लिहायला मात्र चालत नाही, पंच बोलतील! दर चार-पाच चालींनी उरलेली मिनिटं लिहा. नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद असा वेळ असेल, तर कुठे वीस मिनिटं गेली आणि कुठे अर्ध्या मिनिटात मोहरा उचलला, हे त्या आकड्यांत उघडं पडतं. मी कुणाचीही स्कोअरशीट हातात घेतली की चालींच्या आधी हे आकडे वाचतो.

आता एक ओळखीची जागा घेऊ. काळ्यानं राजाच्या बाजूला कॅसलिंग केलंय, म्हणजे राजा जी८ वर आणि हत्ती एफ८ वर, एफ६ चा घोडा तिथून हललाय. आपला उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, वजीर डी१ वर. हात शिवशिवतात ना? एच७ वर उंट द्यायचा, राजानं घेतला की घोडा जी५ वर शह!

समजा तुम्ही ते खेळला नाहीत, आणि रात्री इंजिन म्हणालं, की तिथे जिंकत होतात. कपाळावर हात मारण्याआधी लिहा, की का सोडलंत. राजा जी८ वर परत गेला तर एच७ वर मात द्यायला वजीर एच५ वर येतो, ते दिसलं होतं? त्यानंतर काळ्याचा घोडा एफ६ वर परतून एच७ राखेल अशी भीती होती? मग पुढचा प्रश्न, ई५ वर आपलं प्यादं होतं का? असेल, तर तो घोडा आपण खातो. नसेल, तर तो वजिरावरही येतो आणि हल्ला तिथेच विझतो. काळ्याचा उंट एफ५ वर येऊन एच७ राखत होता का? ई७ चा उंट जी५ वरचा घोडा खात होता का?

आणि बरेच जण अडतात ते राजा जी६ वर पुढे आला तर, इथे. राजा मोकळ्यावर उभा आहे, पण आता मारायचं कशानं, ते सुचत नाही. वजीर जी४ वर नेता येतो, एच प्यादं पुढे ढकलता येतं. यातलं काय चालेल, ते मोहरे कुठे आहेत त्यावर ठरतं. "जी६ ला घाबरलो" एवढं कागदावर आलं, की सरावाला विषय मिळाला. इंजिनचा "अधिक दोन" (म्हणजे दोन प्याद्यांइतकी आघाडी) हा आकडा तो विषय देत नाही.

प्रतिस्पर्ध्यालाही पकडा. हॉलच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. हरल्यावर जीवावर येतं, मान्य. पण तुम्ही ज्या चालीला घाबरलात ती त्याला दिसलीच नव्हती, असं कितीदा तरी निघतं.

हे सगळं झालं, की लावा इंजिन. त्याला सर्वोत्तम चाल विचारू नका. तुमची भीतीची चाल त्याच्याविरुद्ध स्वतः खेळून बघा आणि ते काय उत्तर देतं, ते पाहा.

एच७ वर उंट दिलेले किंवा द्यायचे राहिलेले तुमचे डाव असतील तर पाठवा. नावं झाकून, मिनिटं लिहिलेल्या स्कोअरशीटचा फोटो. पुढच्या व्हिडिओत तेच पटावर मांडू.